पेटत्या होडीपुढचा होकार

मित्रांनो, जरा डोळे मिटा. समोर एक लाकडी धक्का आहे असं समजा. खाली समुद्र आपटतो आहे. वारा इतका, की बायका टोप्या हातानं धरून उभ्या आहेत. धक्क्याच्या टोकाशी एक होडी धडाडून पेटली आहे, आणि एक व्हायोलिनवाला नाकातोंडात धूर जात असतानाही गोड प्रेमगीत वाजवतो आहे. या सगळ्यांसमोर तीन पायांवर उभी असलेली एक काळी पेटी टकटक टकटक करते आहे. दिसली? ती पेटी म्हणजे मी.

मी एक जुना कॅमेरा आहे. हलत्या चित्रांचा, हातानं चालवायचा. माझं अंग लाकडाचं, वरून काळं कातडं, कोपऱ्यांना पितळ. पोटात दातेरी चाकं, पुढे एकच डोळा, म्हणजे भिंग, आणि उजव्या कुशीला एक मूठ. ती मूठ फिरली की पोटातली फीत सरकते आणि मी बघितलेलं साठवतो. मूठ थांबली की दिसतं, पण साठत काही नाही. म्हणून असेल, पण स्थिर बसणं मला कधी जमलंच नाही. आजही, मूठ गंजून घट्ट झालेली असतानाही, आत काहीतरी सारखं चुळबुळत असतं.

माझा जन्म न्यूयॉर्कजवळच्या एका लहानशा कारखान्यात झाला. एका म्हाताऱ्या घड्याळजीनं माझी चाकं कानसेनं घासली. चाक बसवायचा, कान लावून ऐकायचा, नाराजीनं मान हलवायचा आणि पुन्हा काढून घासायचा. मी पूर्ण झालो तेव्हा त्यानं मला थोपटलं आणि दुसऱ्याच दिवशी गाडीत चढवलं. तेव्हापासून मी धावतोच आहे. मिरवणुका, मुष्टियुद्धं, पूर, गुरांचे बाजार, जे दिसेल ते मी पोटात साठवलं. शेवटी ऊन भरपूर मिळतं म्हणून सगळ्या चित्रवाल्यांनी पश्चिमेकडे पळ काढला, आणि मीही कॅलिफोर्नियात संत्र्यांच्या बागेतल्या एका स्टुडिओत येऊन पडलो.

तिथे मला ओटो भेटला. ओटो ब्रेकस्टॅड, मिनेसोटाचा, उंच आणि अबोल. टोपी उलटी घालायचा, म्हणजे तिची कड माझ्या पाठीला लागायची नाही. मूठ फिरवताना तो ओठांत एक लष्करी चालीचं गाणं गुणगुणत असे. सगळे कॅमेरावाले तसंच करत. मूठ एका लयीत फिरायला हवी, सेकंदाला दोन फेरे. लय वाढली तर पडद्यावर माणसं पाण्यातून चालल्यासारखी दिसतात. लय मंदावली तर तीच माणसं कोंबड्यांसारखी तुरुतुरु पळतात. ओटोची लय कधी चुकत नसे.

त्या वसंतात आम्ही एक प्रेमकथा करत होतो. किनाऱ्यावरचं गाव, शाळेतली एक शिक्षिका, आणि तिच्यावर जीव टाकणारे दोन मित्र, एक कोळी आणि एक दीपगृहाचा राखणदार. कोळ्याचं काम लायनेल ग्रेव्ह्स करत होता. मोठा नट, रंगभूमीवरून आलेला, देखणा. राखणदार होता टोबायस, गोल पोटाचा. पडद्यावर ते एकमेकांचा गळा धरत आणि जेवणाच्या सुट्टीत एकाच पिशवीतले डोनट खात.

मित्रांनो, तेव्हा सिनेमाला आवाज नव्हता. त्यामुळे अभिनय करताना नट तोंडानं वाटेल ते बोलत. एकदा लायनेलनं डोळे लाल करून टोबायसची कॉलर धरली.

"टोबी, सकाळी कांदा खाल्लास का रे?" तो दात ओठ खात म्हणाला.

"खाल्ला. खास तुझ्यासाठी." टोबायसनं मुठी आवळल्या.

"पुढच्या वेळी खरंच ढकलीन तुला पाण्यात."

"ढकल. तू आधी पडशील, डुकरा."

"वा! काय तो द्वेष! असाच राहू द्या!" दिग्दर्शक मिस्टर पर्डी कर्ण्यातून ओरडले.

दूर झाडाखाली बसलेली एक मुलगी तेवढी पोट धरून हसत होती. ती नेल, नऊ वर्षांची. शिक्षिकेचं काम करणाऱ्या कोरा हॅडलीची मुलगी, आणि चित्रातही तिची धाकटी बहीण. नेलला इतक्या दूरवरून ऐकू येणं शक्यच नव्हतं. तिनं ते पाहिलं होतं. नेल पाळण्यात असतानाच तिचे वडील गेले. पुढे काही वर्षं मायलेकी सॅडीमावशीकडे राहिल्या. मावशीला लहानपणच्या तापानंतर ऐकू येत नसे, आणि त्या घरात सगळे ओठांकडे बघून बोलत. नेलला ओठ वाचायला कधी शिकवावं लागलं नाही. पण मावशीनं एक नियम मात्र घालून दिला होता. दूरच्या माणसाच्या ओठांवरून जे कळलं ते त्याचं खासगी बोलणं. ते इकडचं तिकडे करायचं नाही. नेलनं तो नियम कधीच मोडला नव्हता.

आता खरी गोष्ट अशी, की त्या चित्रातली चुरस लायनेल आणि टोबायसमध्ये नव्हतीच. ती माझ्या पुढच्या आणि माझ्या मागच्या माणसामध्ये होती. लायनेल कोराला रोज गुलाब आणायचा. नेललाही "राजकुमारी" म्हणायचा, पण तिचं नाव त्याच्या लक्षात राहत नसे. ओटो काही आणत नसे. सुट्टीत माझ्या तिपाईपाशी बसून संत्रं सोलायचा आणि त्याचे तीन वाटे करायचा. एक नेलला, एक कोराला, एक स्वतःला. बोलणं जवळजवळ नाहीच.

"ओटो, तू इतका गप्प का असतोस?" नेलनं एकदा विचारलं.

"बोलणाऱ्यांना समोर उभं करतात. मला मागे उभं केलंय."

"आई म्हणते, तुझ्यामुळे ती पडद्यावर बरी दिसते."

"तुझी आई कशीही बरीच दिसते," ओटो म्हणाला, आणि मग एवढं बोलल्याबद्दल स्वतःवरच रागावल्यासारखा माझं भिंग पुसत बसला. पुसलेलंच भिंग त्यानं पुन्हा पुसलं.

नेलला काय हवं होतं ते मला दिसत होतं. मावशीचं घर सोडल्यापासून आईच्या नाटक कंपन्यांबरोबर गावोगाव हिंडून ती कंटाळली होती. कधी या भाड्याच्या खोलीत, कधी त्या. तिला घर हवं होतं, आणि त्या घरात संत्र्याचे तीन वाटे करणारा हा माणूस हवा होता.

मग तो होडीचा दिवस आला.

कथेत कोळी आपली होडी स्वतःच्या हातानं पेटवतो, आता समुद्रावर जाणार नाही असं दाखवतो आणि शिक्षिकेला लग्नाचं विचारतो. ती मान हलवून होकार देते. होडी एकच होती, त्यामुळे प्रसंग एकदाच घेता येणार होता. मिस्टर पर्डी सकाळपासून धक्क्यावर येरझाऱ्या घालत होते. वाऱ्यानं माझी तिपाई हलत होती म्हणून तिला वाळूच्या पिशव्या बांधल्या होत्या. कोणाचाच जीव थाऱ्यावर नव्हता.

"लावा आग! ओटो, चालू! लायनेल, गुडघा टेक! व्हायोलिन, जोरात!"

मूठ फिरू लागली. लायनेलनं गुडघा टेकला, कोराचा हात धरला आणि बोलला. त्याचा आवाज नाटकगृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत जाणारा. तो वाऱ्यातूनही माझ्यापर्यंत आणि ओटोपर्यंत आला.

"कोरा, हे चित्रातलं नाही. मी खरंच विचारतोय. माझ्याशी लग्न कर."

मागे होडीची डोलकाठी कोसळली. "मान, कोरा! मान हलव!" पर्डी ओरडले. कोरानं मान हलवली, स्पष्ट, दोनदा. तिचे ओठही हलले, पण तिचा आवाज मऊ होता, तो वारा घेऊन गेला. ओटोनं फक्त प्रश्न ऐकला, आणि मान हललेली पाहिली.

त्याच्या ओठांतलं गाणं थांबलं. मुठीवरचा हात ढिला पडला. तो फिरत होता, पण कुठेतरी दूर निघून गेल्यासारखा. माझ्या पोटातली टकटक मंदावली, आणि मी काहीच करू शकलो नाही.

दुसऱ्या दिवशी सगळे अंधाऱ्या खोलीत ती फीत बघायला जमले. ओटोनं मला खांद्यावरून उतरवून कोपऱ्यातल्या टेबलावर ठेवलं. चित्र दाखवणारा गस यंत्राची मूठ फिरवू लागला. पांढऱ्या कापडावर होडी फडफडली, लायनेल स्प्रिंगच्या बाहुल्यासारखा खाली बसला, त्याचे हात माशा मारल्यासारखे हलले, आणि कोरानं कोंबडीनं दाणे टिपावेत तशी मान हलवली.

टोबायसला हसताहसता ठसका लागला. मग सगळेच हसले. लायनेल उठून उभा राहिला.

"हे ह्यानं मुद्दाम केलंय!"

"ओटो," पर्डी म्हणाले, "होडी जळून गेली. आता काय दाखवू लोकांना? काय झालं होतं तुला?"

"हात ढिला पडला."

"का?"

"पडला."

"बघा! कबूल करतोय!" लायनेल म्हणाला. "पर्डी, हा माझ्यासमोर मूठ फिरवणार नाही यापुढे. एक तर हा राहील, नाहीतर मी."

कोरा मध्ये पडली. "लायनेल, असं काय करतोस? माणसाचा हात आहे, यंत्र नाही."

तिनं ओटोची बाजू घेतलेली पाहून लायनेलचा चेहरा आणखीच ताठ झाला. ओटोनं टोपी हातात फिरवली.

"भांडू नका. अलास्कात बर्फाची दृश्यं घ्यायला एक टोळी निघाली आहे, त्यांनी मला विचारलंय. उद्या लग्नाचा प्रसंग घेऊन देतो आणि दुपारच्या गाडीनं जातो." मग तो कोराकडे न बघता म्हणाला, "तुमचं भलं होवो, मिसेस हॅडली." आणि बाहेर पडला. मी तिथेच टेबलावर राहिलो. मी स्टुडिओचा होतो, त्याचा नव्हतो. हे त्या दिवसापर्यंत माझ्या कधी ध्यानातच आलं नव्हतं.

सगळे गेल्यावर नेल गसच्या मागे उभी राहिली.

"गस, तेवढा तुकडा पुन्हा लाव ना. हळू."

"हळू? हळू लावली तर दिव्यानं फीत पेटते, आणि मग मिस्टर पर्डी मला पेटवतात."

"थोडीशीच हळू. ओटोचा हात जितका मंद होता तितकीच."

गस कुरकुरला, पण त्यानं लावली. आणि मित्रांनो, गंमत बघा. कापडावरची माणसं पुन्हा माणसांसारखी हलू लागली. आग संथ वर चढली. लायनेलचा चेहरा खरोखर व्याकूळ दिसला. गस शीळ घालत म्हणाला, "अरेच्चा! एवढा तुकडा असाच फिरवायचा, बस्स. सांगतो पर्डींना." पण नेल त्याचं ऐकत नव्हती. ती कापडाजवळ जाऊन आईच्या ओठांकडे बघत होती. त्यांच्या इंग्रजी भाषेत होकाराच्या शब्दाला ओठ ताणले जातात, दात दिसतात. नकाराच्या शब्दाला ओठ गोल होतात. कापडावर कोराची मान खाली-वर हलली, आणि ओठ गोल झाले.

गस धावत पर्डींकडे गेला. तेवढ्यात कोरा विसरलेला हातमोजा शोधत परत आली.

"आई, तू मान हलवलीस आणि नाही म्हणालीस."

कोरा खुर्चीवर बसली. "मान पर्डींनी मागितली होती, ती दिली. लायनेलनं मला विचारलं, त्याला माझं उत्तर दिलं. होडी एकदाच जळणार होती गं. मान न हलवून कसं चाललं असतं?"

"मग ओटोला सांग ना!"

"काय सांगू? अमक्याला मी नकार दिला, असं दवंडी पिटल्यासारखं? लायनेलची शोभा होईल. तो वाईट माणूस नाही, नेल. नुसता रागावलाय."

"आणि ओटोनं विचारलं तर? तर काय म्हणशील?"

कोरा हातमोजा शोधत राहिली. तो तिच्या मांडीवरच होता. "तो विचारेल तर ना! त्या माणसाला चार शब्द बोलायचे म्हणजे आठ संत्री सोलावी लागतात." ती हसली, आणि हसताहसता तिनं डोळे पुसले. "अलास्काला जायचं त्याला. जाऊ दे. आणि तू मध्ये पडायचं नाहीस. मावशीचा नियम माहीत आहे ना?"

"आहे," नेल म्हणाली. पण तिचा पाय सारखा जमिनीवर आपटत होता.

संध्याकाळी ओटो मला न्यायला आला, तेव्हा नेल दारातच थांबलेली.

"ओटो, तो तुकडा एकदा बघ ना. गस हळू लावतो आता."

"समोर घडताना पाहिला, तेवढा पुरे आहे."

"पण नीट बघ!"

"नीटच पाहिला, पोरी. बघण्याचंच तर काम करतो मी."

माझ्या पोटात सगळं येऊन गेलेलं, पण मला तोंड नाही. तिला तोंड होतं, पण नियम होता.

तो तुकडा तुम्हाला दाखवता आला असता तर किती बरं झालं असतं! पण तो आता नाही. पुढे बोलपट आले. मी टकटक करतो, माझा आवाज ध्वनियंत्राला चालत नाही, म्हणून मला खोक्यात घालून कोठारात ढकललं. ज्या हातांनी मला गोंजारलं त्याच हातांनी माझ्यावर जुनी पोती टाकली. मला त्याचं फार वाटलं नाही. पण मुक्या चित्रांच्या फिती जागा अडवतात म्हणून लोकांनी जाळल्या, त्यांतली चांदी काढण्यासाठी वितळवल्या, ते मात्र लागलं. त्या फितींवर किती माणसांचे ओठ काही बोलत होते, आणि ते कोणी पुरतं वाचलंही नव्हतं. मुलांनो, घरात एखादी जुनी वस्तू असेल, जुना फोटो असेल, तर फेकण्याआधी निदान एकदा नीट बघा. घाईनं बघू नका. भिंगावर बोट लावू नका, मऊ कापडानं पुसा. आणि एखाद्याच्या हलणाऱ्या मानेवरून सगळं कळलं असं समजू नका.

पण मी पुढे धावलो. उभं राहवत नाही, त्याला काय करू? लग्नाचा दिवस राहिलाच.

चर्च म्हणजे तीन लाकडी भिंती. वर छप्पर नाही, उन्हाची तिरीप मऊ व्हावी म्हणून पांढरं कापड ताणलेलं. लायनेल काळ्या कोटात, कोरा पांढऱ्या झिरझिरीत घुंगटात. नेलच्या हातात संत्र्याच्या फुलांची टोपली. ती फुलं उधळत पुढे यायची होती. माझ्या तिपाईपाशी ओटोची प्रवासाची पेटी बांधून ठेवलेली. त्या दिवशी तो गुणगुणत नव्हता. मनातच मोजत होता.

"लक्षात ठेवा, भिंगाकडे कोणी बघायचं नाही!" पर्डी कर्ण्यातून म्हणाले. भिंगाकडे बघणं म्हणजे नटाचा मोठ्यात मोठा गुन्हा. "चालू!"

मूठ फिरू लागली. नेल आली. फुलं उधळली, दोन पावलं, पुन्हा फुलं. मग अर्ध्या वाटेत थांबली. मान वर करून तिनं सरळ माझ्या डोळ्यात बघितलं.

"नेल! पुढे!"

ती पुढे आली, पण वेदीकडे नव्हे, माझ्याकडे. ती मोठी मोठी होत गेली, आणि मग माझ्या बाजूनं दिसेनाशी झाली. टोपली खाली पडल्याचा आवाज आला. एक खोकं ओढल्याचा. मग ओटोच्या हातावर एक छोटा हात पडला.

"हात काढ."

"नेल, चित्र चालू आहे!"

"माहितेय. मी फिरवते. तू जा."

"कुठे?"

"तिकडे. जाऊन विचार."

ओटोचा आवाज अगदी खाली गेला. "तिला विचारून झालंय गं. मी कानांनी ऐकलंय."

"लायनेलनं विचारलंय. तू नाही विचारलंस."

मूठ क्षणभर अडखळली. मग ओटोचा मोठा हात हळूच मुठीवरून निघून गेला आणि छोटे दोन हात तिला लोंबकळले. ओटो तिपाईला वळसा घालून पुढे आला. फीत चालू असताना मी प्रथमच त्याला समोरून पाहत होतो. टोपी काढलेली, केस चिकटलेले, कपाळावर माझ्या पाठीचा ठसा. तो चालत वेदीपाशी गेला आणि उभा राहिला.

लायनेलनं त्याच्याकडे पाहिलं, मग कोराकडे. मग एक पाऊल बाजूला सरला.

"लवकर बोल बाबा," तो म्हणाला. "ऊन सरकतंय."

"थांबवा! कोण फिरवतंय ते? थांबवा!" पर्डींचा कर्णा घोगरा झाला होता.

नेल थांबली नाही. तिची लय वेडीवाकडी होती, कधी जोरात, कधी हळू, माझी सगळी चाकं कुरकुरत होती. ओटोनं काहीतरी विचारलं. इतकं हळू, की टोबायससुद्धा पुढे वाकला. कोरानं घुंगट दोन्ही हातांनी वर केला. तिचे ओठ उघडले.

खोक्यावरून नेलला आईचं तोंड समोरच दिसत होतं. सगळ्यांच्या आधी तिलाच कळलं असतं. पण ते उत्तर ओटोचं होतं.

तिनं डोळे घट्ट मिटून घेतले, आणि दोन्ही हातांनी मूठ फिरवत राहिली.